धर्माच्या रकान्यात काय लिहायचे?

आमच्या वस्तीत कोणाला अर्ज भरायचा असला की लोक आमचे दार वाजवतात. आम्ही पडलो कारकून माणूस. दिवसभर दुसऱ्यांचेच कागद चाळतो, तेव्हा संध्याकाळी आणखी दोन कागद चाळले म्हणून काही बिघडत नाही. रेशनकार्डात सुनेचे नाव घालणे, निराधार योजनेचा अर्ज, शिष्यवृत्ती, नावातल्या चुकीबद्दलचे प्रतिज्ञापत्र, असे काही ना काही चालूच असते.

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर धुणीभांड्यांची कामे करणाऱ्या एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी अकरावीला, विज्ञान शाखेत. तिचा जातीचा दाखला काढायचा होता, पुढे पडताळणीही करून घ्यायची होती. ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरातले सगळे कागद आमच्यापुढे मांडले. मोठ्या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू-महार', या मुलीच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि धाकट्याच्या बोनाफाईडवर 'नवबौद्ध'. एकाच आईची तीन लेकरे, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या एकाच तसबिरीखाली वाढलेली; पण कागदावर तिघांचे तीन धर्म. ज्या दिवशी जे गुरुजी नाव दाखल करायला बसले, त्यांच्या मनात आले ते त्यांनी लिहिले. आईबापाला विचारायची गरज कोणाला वाटली नाही आणि आईबापांनाही त्या वेळी विचारायचे धाडस झाले नाही.

ताई हळूच म्हणाल्या, "दादा, पोरीच्या अर्जावर धर्म काय लिवू? बौद्ध लिवलं तं सवलत जाते म्हणतेत. हिंदू लिवलं तं विहारात कोनत्या तोंडानं बसू?"

वाचकहो, हा प्रश्न आम्ही गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकत आहोत. विचारणाऱ्यांत अडाणी मायबाप असतात, तसे पदवीधर तरुणही असतात. या प्रश्नामागची भीती खोटी नाही. ती एके काळी अगदी खरी होती. फक्त ती कधी खरी होती आणि कधीपासून खरी राहिली नाही, हे आपल्या घराघरांत नीट पोहोचलेले नाही. म्हणून हा विषय आज येथे घेतला आहे.

आधी आमच्याच घरातील हकीकत सांगतो. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातले. १९५६ साली आमचे आजोबा वडिलांना घेऊन नागपूरला गेले, तेव्हा वडील चौदा वर्षांचे होते. १४ ऑक्टोबरला त्या अफाट गर्दीत पांढरे कपडे घालून उभे राहिल्याची आठवण ते शेवटपर्यंत सांगत. पुढे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करू लागले. आमचे थोरले बंधू आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. ते १९८६ साली केंद्र सरकारच्या एका कार्यालयाची लेखी परीक्षा पास झाले. घरात पेढे आले. कागदपत्रे तपासण्याच्या दिवशी त्यांनी तहसीलचा दाखला पुढे केला. त्यावर 'नवबौद्ध' असे लिहिले होते. तेथील साहेबांनी तो परत सरकवला. हा दाखला राज्य सरकारच्या नोकरीत चालतो, केंद्रात नाही. तुम्ही खुल्या वर्गात धरले जाल, असे सांगितले. खुल्या वर्गाच्या यादीपर्यंत बंधूंचे गुण पोहोचत नव्हते. बाहेर कोणीतरी शहाण्याने सल्ला दिला की, 'हिंदू-महार' असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणा, आठ दिवसांत काम होते.

आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. तरी त्या रात्रीचे बोलणे आमच्या कानांत अजून आहे. वडील जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "नोकरी नाई भेटली तं हमाली कर, पन थो कागद ह्या घरात आनू नको." आई रडली. बंधू काही बोलले नाहीत. ती नोकरी गेली. ते एका कारखान्यात कंत्राटावर लागले आणि तेथेच त्यांची उमर गेली. वडिलांचे बरोबर होते की चूक, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. बंधूंच्या थोरल्या मुलाला विचाराल तर तो आजोबांना दोष देतो. आम्हाला तसे करवत नाही. पण बंधूंच्या संसाराची ओढाताण आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे पुतण्याला गप्पही करवत नाही.

तर मग दोष कोणाचा? हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

भारतीय राज्यघटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. आपल्याला पटेल तो धर्म मानावा, आचरावा आणि त्याचा प्रसारही करावा. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा तेवढी घातली आहे. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. त्याच वर्षी १० ऑगस्टला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींसंबंधीचा आदेश निघाला. कोणत्या राज्यात कोणत्या जाती अनुसूचित समजायच्या याची ती यादी. त्या आदेशाचा तिसरा परिच्छेद असा की, हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. अपवाद केला होता तो पंजाबकडच्या चार शीख जातींचा. १९५६ साली तो अपवाद वाढवून शिखांतील अनुसूचित जातींना सरसकट लागू केला.

म्हणजे धर्म निवडण्याचा हक्क घटनेने दिला आणि त्या हक्काची किंमत या परिच्छेदाने ठरवून दिली. तुम्ही खुशाल बौद्ध व्हा, तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण शिष्यवृत्ती, नोकरीतील राखीव जागा आणि विधानसभेची राखीव जागा दारातच ठेवून या. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. जमाखर्च मांडायला शिकलो तो कॉलेजात. पण १९५६ साली लाखो निरक्षर माणसांनी हा जमाखर्च मनाशी मांडला आणि खर्चाची बाजू मोठी दिसत असूनही दीक्षा घेतली. १९५१च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजार ५०१ झाली. हे आकडे आपल्या मुलांना पाठ करून घ्यावेत असे आहेत. सवलत जाणार हे माहीत असताना या लोकांनी जनगणनेच्या कागदावर 'बौद्ध' लिहायला लावले.

राज्याच्या पातळीवर मात्र लवकर सुधारणा झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींप्रमाणे सवलती चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे जे शब्द आपण सरकारी फलकांवर आणि वसतिगृहांच्या पाट्यांवर पाहतो, ते तेव्हापासूनचे. आमच्या पिढीचे हजारो लोक या एका निर्णयामुळे शिकले, आम्हीही त्यांतलेच. श्रेय द्यायचे तेथे द्यायला हवे. पण राज्याला राष्ट्रपतींचा आदेश बदलता येत नाही. त्यामुळे केंद्राची नोकरी आणि निवडणुकीतील राखीव मतदारसंघ ही दोन दारे बंदच राहिली.

ती किती घट्ट बंद होती, हे मेश्राम यांच्या खटल्यात दिसले. १९६२च्या निवडणुकीत डी. पी. मेश्राम हे नागपूर भागातील राखीव जागेवरून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. मेश्राम बौद्ध झाले आहेत, सबब ते अनुसूचित जातीचे नाहीत, अशी हरकत घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली निकाल मेश्राम यांच्या विरुद्ध लागला. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, धर्मांतर सिद्ध होण्यासाठी अमुक विधी झाला असे दाखवावे लागत नाही. आपण जुना धर्म सोडला व नवा घेतला असे माणसाने जाहीर केले आणि त्याप्रमाणे तो वागला, तर ते पुरे. श्रद्धेच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे तत्त्व चांगलेच आहे.

दुसरी गोष्ट मात्र आपल्या लोकांना पेचात टाकणारी. घटनेच्या त्याच २५व्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. हिंदूंची सार्वजनिक धर्मस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याबाबत जेथे 'हिंदू' शब्द आला आहे, तेथे शीख, जैन आणि बौद्ध यांचाही त्यात समावेश समजावा, असे ते सांगते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही बौद्ध येतात. मग राखीव जागेसाठी बौद्धाला हिंदू का समजू नये, असा युक्तिवाद झाला. न्यायालय म्हणाले की, १९५०च्या आदेशात 'हिंदू' हा शब्द इतक्या व्यापक अर्थाने वापरलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बिनचूक असेल. पण सामान्य माणसाने काय समजावे? लग्न लावताना तू हिंदूंच्या कायद्यात, देवळाच्या दाराशी तू हिंदूंच्या व्याख्येत आणि राखीव जागेचा अर्ज भरताना मात्र तू परका! आपल्या फायद्याचे असेल तेथे आत घ्यायचे नाही आणि आपण बाहेर पडलो म्हटले तर जाऊ द्यायचे नाही, असा हा व्यवहार.

त्याच वर्षी, ६ डिसेंबर १९६४ पासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. तो भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या मागण्यांत बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात ही मागणीही होती, हे बहुतेकजण विसरतात. तुरुंग भरले. पुढे प्रत्येक मोर्च्यात, प्रत्येक निवेदनात हा मुद्दा राहिला. आमचे वडील मालधक्क्यावरची पाळी बुडवून अशा किती मोर्च्यांना गेले असतील, त्याची नोंद कोठेही नाही.

अखेर १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने संसदेत दुरुस्ती कायदा केला आणि त्या तिसऱ्या परिच्छेदात 'हिंदू, शीख' यांच्या जोडीला 'बौद्ध' हा शब्द आला. ते बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्याच वर्षी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले आणि त्यांना भारतरत्न देण्यात आले. तैलचित्राचे आणि भारतरत्नाचे फोटो घराघरांत आहेत. त्या एका शब्दाचा फोटो काढता येत नाही, म्हणून त्याची आठवण कोणी ठेवत नाही. १९५६ ते १९९० म्हणजे चौतीस वर्षे. एक अख्खी पिढी नोकरीच्या वयात आली आणि वयाबाहेर गेली. आमचे बंधू १९९० साली सव्वीस वर्षांचे होते, दोन लेकरे झालेली. पुन्हा परीक्षेला बसा म्हणून वडिलांनी स्वतः सांगितले. त्यांनी पुस्तके आणली, पण रात्रपाळी करून अभ्यास झाला नाही.

तेव्हा ताईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: १९९० पासून 'बौद्ध' लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. राज्यातही नाही, केंद्रातही नाही. जो कोणी अजून तसे सांगत असेल, त्याचे ज्ञान पस्तीस वर्षे जुने आहे.

पण येथे आणखी एक खाचखळगा आहे आणि आपली बरीच माणसे त्यातच अडकतात. अनुसूचित जातींची यादी ही जातींची यादी आहे. तिच्यात महार आहे, मांग आहे, चांभार आहे. 'बौद्ध' नाही, कारण बौद्ध ही जात नव्हे. म्हणून धर्माच्या जागी बौद्ध लिहायचे आणि जात विचारली तर घराण्याची मूळ जात लिहायची, असा कायद्याचा हिशेब आहे. महाराष्ट्रात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल. त्या नोंदीत 'महार' असणार आणि नातीच्या दाखल्यावर 'बौद्ध'. यात विसंगती काही नाही. १९५० साली काय होतो आणि १९५६ नंतर काय झालो, एवढेच ते दोन कागद सांगतात.

आम्हाला ठाऊक आहे की, येथे काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. जी जात सोडण्यासाठी दीक्षा घेतली, ती पुन्हा हाताने लिहायची? आमच्या वडिलांना हे कधीच पटले नाही. १९९१च्या जनगणनेला एक मास्तर आमच्या चाळीत आले होते. वडिलांनी धर्म बौद्ध सांगितला. जात विचारल्यावर पुन्हा बौद्धच सांगितले. मास्तर म्हणाले, अहो, जात सांगा. वडील म्हणाले, सांगितली. तीन वेळा असे झाले. शेवटी मास्तरांनी काय लिहिले कोण जाणे.

असे वडील महाराष्ट्रात किती असतील? २०११च्या जनगणनेत देशात ८४ लाख ४२ हजार ९७२ बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार २०० एकट्या महाराष्ट्रात. यांपैकी अनुसूचित जातीचे म्हणून ५२ लाख ४ हजार २८४ नोंदले आहेत. वजाबाकी केली तर १३ लाख २६ हजार ९१६ बौद्ध असे उरतात की, जे अनुसूचित जातीच्या बाहेर धरले गेले. या सगळ्यांचे कारण एकच असेल असे आम्ही म्हणत नाही. त्यांत दुसऱ्या समाजांतून आलेले बौद्ध असतील, चुकीच्या नोंदीही असतील. पण आमच्या वडिलांसारखी मोठी रांग त्यात उभी आहे, असे आम्हाला वाटते. दुसऱ्या बाजूला घरात बुद्धवंदना करणारी आणि जनगणनेत भीतीपोटी 'हिंदू' सांगणारी कुटुंबे वेगळीच. ती आमच्याच वस्तीत आहेत आणि त्यांची मोजदाद कोठेच होत नाही.

याचा परिणाम नुसत्या आकड्यांवर होत नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ आणि लोकसभेच्या ४८ जागांपैकी ५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. आता पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरविली आहे. जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी व्हायची आहे. जागांची पुढची फेरवाटणीही २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. वडिलांचा अभिमान आम्ही डोक्यावर घेतो. तरी आमचे मत असे की, जातीच्या रकान्यातील ते नाव हा आपला परिचय नव्हे. ज्या अन्यायाची भरपाई अजून व्हायची आहे, त्याचा तो दावा आहे. दिवाणी दाव्यात वादी आपली जुनी जमीन सर्व्हे नंबरासह लिहितो, तसे. हे मत सर्वांनी मानावेच असा आग्रह नाही.

आता दुसऱ्या संरक्षणाविषयी. अनुसूचित जातीचा हक्क वेगळा आणि धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मिळणारा हक्क वेगळा. अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९७८ साली आयोग नेमला होता, पण त्याला कायद्याचे बळ नव्हते. १९९२ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा झाला आणि २३ ऑक्टोबर १९९३ च्या अधिसूचनेने मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी हे पाच समाज अल्पसंख्याक ठरले. जैनांचा समावेश २०१४ साली झाला. आयोगाकडे कोणीही लेखी तक्रार करू शकतो. अधिकाऱ्यांना बोलावणे, कागद मागवणे हे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्याला आहेत. मात्र आयोग शेवटी शिफारस करतो, हुकूम देत नाही. २०२५ साली तर त्याच्या अध्यक्षाची खुर्चीच काही महिने रिकामी होती. राज्यात २००४ च्या कायद्याने राज्य आयोग झाला आणि २००८ साली स्वतंत्र अल्पसंख्याक विकास विभाग सुरू झाला. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीतून पहिली ते आठवीचे वर्ग २०२२ साली वगळले गेले, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. आपली मुले बहुधा अनुसूचित जातीचीच शिष्यवृत्ती घेतात. एका वेळी एकच मिळते, तेव्हा दोन्हीकडे अर्ज करून गोंधळ करू नये.

संरक्षण म्हणून आलेला कायदा दरवेळी संरक्षणच करतो असेही नाही. बुद्धगयेचे उदाहरण घ्या. १९४९च्या कायद्याने महाबोधी विहाराचा कारभार महंतांच्या हातून काढून समितीकडे दिला, ही सुधारणा होती. पण त्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू, वर गयेचे जिल्हाधिकारी अध्यक्ष. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर अध्यक्ष म्हणून दुसरा हिंदू नेमावा, ही अट २०१३ पर्यंत कायद्यात होती. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी पुन्हा तेथे आंदोलन केले, ते या उरलेल्या चार जागांसाठी.

गुजरातेतील प्रकार याहून विचित्र. तेथे २००३चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे. त्याच्या नावात स्वातंत्र्य आहे आणि आत परवानगीची अट आहे. बौद्ध होण्यासाठी ही परवानगी लागते की नाही, याबाबत तेथील जिल्हा कार्यालयांत गोंधळ होता. काही ठिकाणी अर्जदारांना सांगत की, बौद्ध हे हिंदूंतच मोडतात, परवानगी कशाला हवी? एप्रिल २०२४ मध्ये तेथील गृहखात्याने परिपत्रक काढून खुलासा केला की, बौद्ध धर्म स्वतंत्र धर्म समजावा आणि म्हणून हिंदूला बौद्ध होण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. साठ-सत्तर वर्षे आपण ओरडून सांगत होतो की आमचा धर्म स्वतंत्र आहे. सरकारने ते मान्य केले आणि त्याच कागदावर परवानगीचा नमुना जोडला. १९५६ साली नागपुरात अशी परवानगी मागायची असती तर एवढे अर्ज ठेवायला कचेरीत कपाटे पुरली असती का, असा विचार आमच्यातल्या कारकुनाच्या मनात येतो.

एक गोष्ट आपल्या समाजात बोलली जात नाही, ती येथे बोलून टाकतो. त्या तिसऱ्या परिच्छेदातून आपण १९९० साली बाहेर पडलो, पण ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते आजही अडकलेले आहेत. नगर आणि जालना या जिल्ह्यांत अशी कितीतरी महार-मांग कुटुंबे आहेत. गाव तेच, वेस तीच, शेतमजुरी तीच. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अटच काढून टाकण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयात २००४ साली यासंबंधी याचिका दाखल झाली. २०२२ साली केंद्राने न्या. बाळकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. त्यांना सवलत दिली तर आपला वाटा कमी होईल, असे आपल्यातील काही कार्यकर्ते खाजगीत म्हणतात. वाटा कमी होईल ही भीती आम्हालाही समजते. पण १९५६ ते १९९० या काळात आपल्याविषयी हेच बोलले जात होते, आणि आमच्या बंधूंच्या हातातला दाखला परत सरकवला गेला तो याच विचाराने.

असो. रविवारी ताईंच्या मुलीने अर्ज स्वतःच भरला. धर्माच्या रकान्यात तिने 'बौद्ध' लिहिले, सुवाच्य अक्षरात. जातीच्या रकान्यापाशी तिचा पेन थांबला. तिने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, दोन्ही कसं काय?" आम्ही तिला वर लिहिले आहे ते सारे सांगितले, अर्ध्या तासात जमेल तेवढे. तिला सगळे पटले असे दिसले नाही. तरी तिने लिहिले आणि खाली सही केली.

अडचण पुढेच होती. पणजोबा शाळेत कधी गेलेच नव्हते, त्यामुळे १९५० पूर्वीची शाळेची नोंद मिळणे शक्य नाही. उरले कोतवाल बुक. गावातील जन्म-मृत्यूची खबर पोहोचवणारा माणूस त्या काळी बहुधा आपल्यातलाच असे, तेव्हा आपल्या माणसांच्या नोंदी तरी त्यात सुटलेल्या नसतात. ताईंना पणजोबांचे नाव ठाऊक आहे, जन्माचे साल ठाऊक नाही. कोणत्या तरी मोठ्या पुराच्या वर्षी ते जन्मले, एवढेच सासूने सांगितलेले. येत्या सोमवारी आम्ही अर्धा दिवस रजा टाकली आहे. सकाळच्या एस.टी.ने ताई, मुलगी आणि आम्ही तालुक्याला जाऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात दहा वर्षांची पाने पाहणार आहोत.